कार्ल्याच्या चैत्यगृहाचा एक फोटो: डॉज आणि बर्न कुठे, किती आणि का

कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलली की दर्शनी भागातल्या मोठ्या पिंपळपानी कमानीतून उजेड आत उतरतो आणि सुमारे ३८ मीटर लांबीच्या दालनाच्या टोकाला असलेल्या स्तूपापर्यंत जाऊन पोचतो. दोन्ही बाजूंच्या खांबांमागच्या अरुंद पडव्या मात्र अंधारातच राहतात. दोन हजार वर्षांपूर्वी हे दालन कोरणाऱ्यांनी दगडाबरोबर उजेडाची वाटही कोरली, असेच आत उभे राहिल्यावर वाटते. डोळ्यांना ही वाट लगेच दिसते, फोटोत मात्र ती बहुतेक वेळा हरवते. डॉज (फोटोचा एखादा भाग उजळवणे) आणि बर्न (तो गडद करणे) वापरून ती परत कशी आणायची याचे हे एक प्रकरण आहे.

फोटो असा आहे. दारातून आत आल्यावर मधोमध उभे राहून, उभ्या चौकटीत, २४ मिमी लेन्सने काढलेला. एफ/४, १/३० सेकंद, आयएसओ १६००, १४ बिटची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. त्रिपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, म्हणून कॅमेरा हातात धरलेला. मध्यभागी स्तूप आणि त्यावरचे लाकडी छत्र, वर अर्धगोल छताच्या लाकडी फासळ्या, डावीउजवीकडे खांबांच्या रांगा. प्रत्येक बाजूला पंधरा खांब आहेत आणि त्यांच्या घंटेच्या आकाराच्या शीर्षांवर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली युगुले आहेत. उजव्या रांगेत चौथ्या खांबाशी पांढरा शर्ट घातलेला एक पर्यटक पाठमोरा उभा आहे.

एक्स्पोजर ठीक आहे, फोकस ठीक आहे, हिस्टोग्रामही (छटांचा आलेख) कुठे कापलेला नाही. तरी फोटो बघताना नजर पायाशीच अडकते. कारण साधे आहे. कॅमेऱ्याजवळच्या जमिनीला दारांतून येणारा उजेड थेट मिळतो, स्तूपापर्यंत पोचेपर्यंत तो उजेड पातळ होतो. आत उभ्या माणसाची नजर स्तूपावर खिळलेली असते आणि मेंदू जमिनीकडे दुर्लक्ष करतो. सेन्सर दुर्लक्ष करत नाही.

आधी मोजमाप

ब्रश हातात घेण्याआधी आकडे घ्यावेत. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा नमुना ५ × ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून इन्फो पॅनेल उघडायचे आणि महत्त्वाच्या जागांवर फिरवायचे. पूर्ण काळ्याला ० आणि पूर्ण पांढऱ्याला २५५ धरून या फोटोत असे आकडे मिळतात: जवळची जमीन १९०, स्तूपाचा अंड (घुमटासारखा गोल भाग) १२०, डाव्या रांगेतल्या तिसऱ्या खांबावरचे हत्ती ६०, पर्यटकाचा शर्ट २१०, पडव्या १२ ते २०, जवळच्या फासळ्या ९० आणि स्तूपामागच्या छतावरच्या फासळ्या जेमतेम १४.

दुखणे या आकड्यांतच दिसते. ज्याच्यासाठी फोटो काढला तो स्तूप जमिनीपेक्षा ७० पायऱ्यांनी खाली आहे आणि चौकटीतली सर्वांत उजळ गोष्ट म्हणजे एक शर्ट.

दुसरी तपासणी आकड्यांशिवायची. फोटो टपाल तिकिटाएवढा लहान करून बघायचा, किंवा आडवा उलटा करून. ओळखीचा फोटो उलटा केला की तो अनोळखी होतो आणि नजर खरोखर कुठे जाते ते कळते. वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकला तर आणखी स्पष्ट होते, कारण दगडाचा उबदार रंग उजेडाचा भास निर्माण करतो आणि त्यामुळे आपण फसतो.

डार्करूममधून आलेले दोन हात

डॉज म्हणजे उजळवणे आणि बर्न म्हणजे गडद करणे हे सगळ्यांना माहीत असते, पण उलट का नाही हा प्रश्न नव्याने शिकणाऱ्याला नेहमी पडतो. डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मचे फोटो छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश जितका जास्त वेळ कागदावर पडेल तितका कागद काळा होतो. म्हणून तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती एखाद्या भागावर धरली तर तो भाग उजळ राहतो, हे डॉज. उरलेला कागद हाताने झाकून ओंजळीच्या फटीतून एकाच भागाला जादा प्रकाश दिला तर तो गडद होतो, हे बर्न. फोटोशॉपमधली चकतीची आणि मुठीची चिन्हे तिथूनच आली. २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ५ सेकंद चकती धरली तर त्या भागाला सुमारे ०.४ स्टॉप कमी प्रकाश मिळे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). चकती सतत हलवत ठेवावी लागे, नाहीतर तिची कड कागदावर उमटे. डिजिटलमध्ये मऊ ब्रश वापरतात तो याच कारणासाठी.

या दोन हातांनी किती फरक पडतो, ते अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या १९४१ सालच्या फोटोच्या वेगवेगळ्या प्रिंट शेजारी ठेवल्यावर दिसते. निगेटिव्ह एकच, पण सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात ढगांच्या फिकट रेघा आहेत आणि पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे.

रॉ फाइलमध्ये काय करायचे आणि कुठे थांबायचे

कॅमेरा रॉ किंवा लाइटरूममध्ये लेन्स प्रोफाइल लावणे, व्हाइट बॅलन्स ठरवणे आणि नॉइज काढणे ही तीन कामे इथेच उरकावीत. नॉइज आधीच का? डॉज केल्यावर जिथे उजळले तिथे दाणे जास्त आणि जिथे हात लावला नाही तिथे कमी अशी ठिगळे पडतात. मग नॉइज काढणारे सॉफ्टवेअर पूर्ण फोटोला एकच मात्रा देते आणि ती कुठे कमी पडते, कुठे दगड प्लास्टिकसारखा करते.

या फाइलला हायलाइट्स उणे ३०, शॅडोज अधिक २०, बाकी काही नाही. शॅडोज अधिक १०० करण्याचा मोह इथे फार होतो आणि गुंफांच्या फोटोंचा घात बहुधा तिथेच होतो. स्लायडरला स्तूप आणि पडवी यांतला फरक कळत नाही. अंधारातले सगळेच तो वर उचलतो, पडव्या राखाडी होतात, आणि ज्या अंधारामुळे मधले दालन उजळ वाटत होते तो अंधारच संपतो. एकदा फोटो असा सपाट झाला की नंतरचे डॉज-बर्न म्हणजे आधी पुसलेले पुन्हा काढत बसणे.

फाइल १६ बिटमध्ये उघडायची. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. छतावरच्या हळूहळू गडद होत जाणाऱ्या उजेडात त्यांतल्या वीस-पंचवीसच पायऱ्या वापरल्या गेलेल्या असतात, आणि त्या ताणल्या की पट्टे दिसू लागतात. जेपीजीवर हे काम करता येते, पण बदल अगदी हलका ठेवावा लागतो.

पहिला हात बर्नचा

हौशी लोक आधी स्तूप उजळवायला घेतात. आकड्यांनुसार जमीन १९० असताना स्तूप उठून दिसायला तो २०० च्या पुढे न्यावा लागेल. तिथे दगडाचा पोत जातो आणि स्तूप चुन्याने रंगवल्यासारखा दिसतो. म्हणून आधी जमीन खाली आणायची, मग बघायचे.

जमिनीसाठी कर्व्ह्ज अॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा. वक्ररेषेवर १९० पाशी बिंदू ठेवून तो १४५ पर्यंत खाली ओढायचा. लेयरचा ब्लेंड मोड (खालच्या फोटोत मिसळण्याची रीत) लुमिनॉसिटी करायचा, म्हणजे फक्त उजळपणा बदलतो. तो नॉर्मल ठेवला तर लाल, हिरवा आणि निळा यांतले अंतर वाढते आणि कातळ नारिंगी पडतो. ही चूक इतक्या फोटोंत दिसते की पुष्कळांना लेणी तशीच नारिंगी असतात असे वाटू लागले आहे.

लेयरचा मास्क (पांढरा असेल तिथे लेयर लागू होतो, काळा असेल तिथे नाही) कंट्रोल-आय दाबून काळा करायचा आणि तळापासून वर जाणारा पांढरा-काळा ग्रेडियंट ओढायचा. ग्रेडियंट स्तूपाच्या पायथ्याच्या बराच आधी संपला पाहिजे. पण ग्रेडियंटला फक्त उंची कळते. जमिनीबरोबर पहिल्या दोन-तीन खांबांचे बुडखेही तो गडद करतो आणि खांब ओलसर भिंतीसारखे खालून काळवंडलेले दिसतात. त्या खांबांवरून मास्कमध्ये काळ्या ब्रशने, ५० टक्के ओपॅसिटीने एक हात फिरवायचा. पूर्ण काढायचे नाही, कारण जवळच्या खांबांनाही दारातला जादा उजेड मिळालेला आहेच.

१९० चा बिंदू खाली गेल्यावर १९० ते २५५ या ६५ पायऱ्या आता १४५ ते २५५ इतक्या, म्हणजे ११० पायऱ्यांवर पसरतात. त्यामुळे जमिनीतले उजळ खडबडीतपण जास्त टोकदार होते. इथे ते चालते, कारण टाचांनी आणि काळाने झिजलेली ती जमीन दिसलेली बरी. चेहऱ्याच्या फोटोत हेच केले तर कपाळावरचा तेलकटपणा उठून येईल.

यानंतर शर्ट. तो २१० वरून १५० पर्यंत, दुसऱ्या कर्व्ह्ज लेयरने आणि फक्त शर्टापुरत्या मास्कने. पर्यटकाला अंधारात पूर्ण बुडवून टाकणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, दोन मिनिटांचे काम. पण बर्न करून माणूस दिसेनासा करणे आणि क्लोन करून काढून टाकणे यांत बघणाऱ्याच्या दृष्टीने फरक नाही. वास्तूची नोंद म्हणून फोटो दिला जाणार असेल तर हे करू नये. २०१३ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळालेल्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर रंग आणि छटा फार बदलल्याबद्दल वाद झाला होता. तपासणीत जोडकाम आढळले नाही, पण नुसत्या छटांनीही प्रश्न उभा राहू शकतो हे तेव्हा सगळ्यांना कळले. शिवाय इथे हा पाठमोरा माणूस उपयोगी आहे. त्याच्यामुळे खांबाची उंची कळते.

जमीन आणि शर्ट खाली आल्यावर स्तूपाला हात न लावताही तो उजळलेला वाटतो. आकडा अजून १२० च आहे.

स्तूप

आता राखाडी लेयर. अल्ट दाबून नवीन लेयरच्या बटणावर क्लिक केले की खिडकी उघडते. तिथे मोड ओव्हरले निवडायचा आणि ५० टक्के राखाडीने भरण्याच्या चौकटीवर खूण करायची. ओव्हरलेमध्ये मधला राखाडी काहीच करत नाही, त्याहून उजळ रंगवले की खालचे उजळते, गडद रंगवले की गडद होते. मूळ पिक्सेलना धक्का लागत नाही. टूलबारमधली डॉज आणि बर्न ही साधने थेट पिक्सेलवर काम करतात. सीएस४ पासून त्यांत छटा कापल्या जाऊ नयेत म्हणून प्रोटेक्ट टोन्स हा पर्याय आहे आणि लहानसहान दुरुस्तीला ती चांगली आहेत, पण तीन दिवसांनी मन बदलले तर परतीची वाट राहत नाही.

ब्रश गोल, हार्डनेस ०, ओपॅसिटी १००, फ्लो (ब्रशच्या एका ठशात उतरणारा रंग) ३ टक्के. डी दाबून रंग काळा-पांढरा करायचा, एक्स दाबून अदलाबदल. फ्लो ३ टक्के असला तरी एका फटक्यात ब्रशचे ठसे एकमेकांवर पडत जातात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त रंग उतरतो. हात भरभर फिरवला की कमी, रेंगाळला की जास्त. माउसने जमते, टॅबलेट असेल तर मनगटाला आराम.

गणित एकदा समजून घेतले की अंदाज चुकत नाही. मूळ आकडा १२८ च्या खाली असेल तर ओव्हरले त्याला राखाडी थराच्या आकड्याने गुणतो आणि १२७.५ ने भागतो. अंडावर थर १२८ वरून १७० पर्यंत उजळवला तर १२० चे १६० होतात. जमीन १४५ ला आणलेली असल्यामुळे १६० पुरेसे आहे. आधी स्तूप उजळवण्याच्या क्रमाने गेलो असतो तर २०० ओलांडावे लागले असते.

पण १६० हा आकडा सगळ्या अंडावर सारखा द्यायचा नाही. या प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्तूप गोल आहे आणि उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून, वरच्या कमानीतून येतो. त्यामुळे अंडाचा आपल्याकडे आलेला वरचा भाग सर्वांत उजळ, बाजूंना जाताना उजेड ओसरतो, आणि हर्मिकेच्या (अंडावरच्या चौकोनी भागाच्या) खाली तिची सावली पडते. सगळीकडे सारखा ब्रश मारला तर १२० चे १६० होतील आणि ९० चे १२०. सगळे वर येईल, स्तूप फिका होईल आणि कडाही उजळल्यामुळे त्याचा गोल घाट मात्र उठून येणार नाही. म्हणून मोठ्या ब्रशने, अंडाच्या रुंदीच्या सुमारे दोन-तृतीयांश आकाराने, मधोमध आणि थोडे वर असे फटके द्यायचे. कडांकडे हात न्यायचाच नाही. मग एक्स दाबून, ब्रश निम्म्याने लहान करून, दोन्ही कडांच्या आत काळ्याचा एखादाच हलका फटका. कड ९० वरून ८२ वर आली आणि मध्य १६० वर गेला की स्तूप चौकटीतून पुढे येतो. हर्मिकेखालची सावली तशीच ठेवायची. ती काढली तर वरचा भाग अधांतरी तरंगतो.

छत्र लाकडी आहे आणि दगडापेक्षा गडद दिसते. ते फार उजळवले तर दगडाचेच वाटू लागते. त्याची फक्त खालची कड, जिथे उजेड लागलेला आहे, तेवढीच.

काम करताना फोटो २५ ते ३३ टक्के झूमवर ठेवावा. विंडो मेनूतल्या अरेंजमधून त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून ती लहान करून बाजूला ठेवली तर एकाच वेळी हाताखालचे आणि लांबून दिसणारे दोन्ही कळते. १०० टक्क्यांवर तासभर रंगवलेला दगड पूर्ण चौकटीत बघितला की अंगावर पित्त उठल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो.

खांब, हत्ती, फासळ्या

इथे नवा राखाडी लेयर घ्यायचा, म्हणजे स्तूपाची मात्रा आणि खांबांची मात्रा वेगवेगळी कमीजास्त करता येते.

डाव्या रांगेतला तिसरा खांब जवळून बघू. खांब अष्टकोनी आहे, त्याच्या तीन बाजू नीट दिसतात. दाराकडची ७०, दालनाकडची ६२, पडवीकडची ४०. ७० आणि ६२ इतके जवळ आहेत की लहान आकारात खांब गोल वाटतो, कोन हरवतो. दाराकडच्या बाजूवर थर १४९ पर्यंत नेला की ७० चे ८२ होतात, पडवीकडच्या बाजूवर ११५ पर्यंत आणला की ४० चे ३६. मधली तशीच ठेवायची. आता ८२, ६२, ३६ अशा उतरंडीत खांबाला धार येते. ब्रशची रुंदी त्या एका बाजूच्या निम्म्याहून कमी हवी.

वरचे हत्ती ६० वर आहेत. थर १६३ केला की ते ७७ वर येतात आणि एवढेच करायचे. गंडस्थळे, सोंडेचा वरचा भाग, बसलेल्या माणसांचे खांदे आणि चेहरे, म्हणजे उजेडाला सामोरी असलेली पृष्ठे. पोटाखालच्या सावल्यांत शिरायचे नाही. पंधराच्या पंधरा शीर्षे एकाच पातळीवर आणण्याचा मोह होतो, कारण एक सुंदर दिसले की दुसरे का सोडायचे असे वाटते. पण दारापासून आत जाताना उजेड कमी होतो, आणि रांगेची खोली डोळ्यांना त्यातूनच कळते. तिसऱ्याला १६३, चौथ्याला १५८, पाचव्याला १५२ अशी मात्रा उतरवत जायचे आणि सातव्या-आठव्याच्या पुढे सोडून द्यायचे.

रंगाकडे लक्ष ठेवावे. दगडाचा लाल ८०, हिरवा ६४, निळा ५० असेल तर १६३ च्या थराने तो १०२, ८२, ६४ होतो. लाल आणि निळ्यातले अंतर ३० वरून ३८ झाले, म्हणून उजळलेले हत्ती शेजारच्या दगडापेक्षा रंगीत दिसतात. राखाडी लेयरवर क्लिप केलेला (फक्त त्या लेयरपुरता बांधलेला) ह्यू-सॅच्युरेशन इथे चालत नाही, तो राखाडीवरच काम करेल. त्याऐवजी वेगळा ह्यू-सॅच्युरेशन लेयर सर्वांत वर घेऊन, सॅच्युरेशन उणे १० करून, फक्त शीर्षांवर मास्क उघडायचा.

फासळ्यांना वेगळी युक्ती लागते. त्या अरुंद आहेत आणि मधल्या फटी काळ्या. मऊ ब्रश दोन्हींवर सारखाच पडतो आणि फटी राखाडी होतात. कंट्रोल-अल्ट-२ दाबले की फोटोच्या उजळपणानुसार सिलेक्शन तयार होते. उजळ जागा जास्त निवडल्या जातात, काळ्या जवळजवळ नाहीतच. कंट्रोल-एचने मुंग्यांसारख्या हलणाऱ्या रेषा लपवायच्या आणि मग राखाडी थरावर पांढरा ब्रश मोकळेपणाने फिरवायचा. फासळ्यांच्या कडा उजळतात, फटी काळ्या राहतात.

पडव्यांना काहीही करायचे नाही.

बिघडले कुठे

पहिल्या खेपेला स्तूपाच्या दोन्ही बाजूंना फिकट प्रभावळ उमटते. स्तूपामागच्या भिंतीवर आणि मागच्या साध्या खांबांवर ब्रशची कड सांडलेली असते. राखाडी लेयरवर तिथे पुन्हा ५० टक्के राखाडीने रंगवले की सांडलेले पुसले जाते. त्याआधी अल्ट दाबून लेयरच्या डोळ्यावर क्लिक केले तर नुसता राखाडी थर दिसतो आणि सांडलेले नेमके कुठे आहे ते कळते. या थरात आकार ओळखू आले पाहिजेत. ढगांसारखे गोळे दिसत असतील तर हात घाटामागून गेलेला नाही.

दुसरी तक्रार शर्टाच्या चुण्यांमधल्या एका ठिपक्याची. तो २५५ च्या अगदी जवळ होता, कर्व्ह्जने तो खाली येत नाही, आणि ओव्हरलेने तर शुद्ध पांढरा पांढराच राहतो. बर्न टूल हायलाइट्सवर ठेवून हट्टाने गडद केला तर पोत नसलेला मळकट डाग मिळतो. रॉ मध्ये तेवढ्या जागी हायलाइट्स आणखी खाली आणून ती जागा मास्कने आत घेणे हाच उपाय, आणि रॉमध्येही तिथे माहिती नसेल तर तो ठिपका तसाच पांढरा सोडावा.

तिसरे, मात्रा. संपल्यावर वीस मिनिटे दुसरे काही करून परत यावे आणि दोन्ही राखाडी लेयरची ओपॅसिटी १०० वरून सावकाश खाली आणावी. जिथे ‘काहीतरी केले आहे’ हे दिसायचे थांबते तिथून ५ टक्के आणखी खाली. इथे स्तूपाचा लेयर ९० वर राहिला, खांबांचा ७० वर.

फोटोशॉप नसेल तर

लाइटरूममध्ये हेच काम तीन मास्कवर होते: जमिनीवर लिनियर ग्रेडियंट आणि एक्स्पोजर उणे ०.६, स्तूपावर रेडियल ग्रेडियंट, फेदर (कडेचा मऊपणा) ८० च्या पुढे, अधिक ०.५, आणि शीर्षांवर ब्रश, फ्लो २०, अधिक ०.३५. लिनियर ग्रेडियंटमधून खांब वजा करायला विसरू नये. मोफत हवे असेल तर डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर मॉड्यूलच्या वेगवेगळ्या प्रती घेऊन प्रत्येकीला हाताने काढलेला मास्क देता येतो. त्यातली १ ईव्ही म्हणजे खरोखर दुप्पट प्रकाश, म्हणून आकडे डार्करूमच्या भाषेत विचार करणाऱ्याला जवळचे वाटतात. गिंपमध्ये ओव्हरलेचा राखाडी लेयर फोटोशॉपसारखाच चालतो. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्रशमध्ये डॉज अँड बर्न आहे. तिथे ५ वर ठेवून दोनदा फिरवणे १० वर एकदा फिरवण्यापेक्षा बरे.

कागदावर

हा फोटो १२ × १८ इंची मॅट कागदावर छापायचा आहे. मॅट कागदाचा काळा स्क्रीनइतका खोल नसतो आणि साधारण १५-२० च्या खालच्या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणजे १२ ते २० वर असलेल्या पडव्या सलग काळ्या छापल्या जाणार. मॉनिटरची उजळी प्रति चौरस मीटर १०० ते १२० कॅन्डेला असेल तरच स्क्रीनवरचा अंदाज खरा धरावा. दुकानातून आणल्यावर तसाच पूर्ण उजेडावर ठेवलेला मॉनिटर असेल तर डॉज नेहमीच कमी पडते आणि प्रिंट काळवंडते.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी स्तूप, डावी पडवी आणि वरचे छत येईल अशी एक उभी पट्टी त्याच कागदावर छापून दिवसाच्या उजेडात बघावी. पट्टीवर पडवी सलग काळी आली, ते चालले. स्तूप मात्र स्क्रीनपेक्षा थोडा मंद वाटला, म्हणून त्याचा लेयर ९० वरून पुन्हा १०० केला. शार्पनिंग यानंतर, छपाईच्या मापाला फाइल आणल्यावर, सपाट केलेल्या प्रतीवर. लेयर असलेली १६ बिटची टिफ वेगळी जपून ठेवायची.

एक जागा तरी सुटली. स्तूपामागच्या छतावरच्या, १४ वर असलेल्या फासळ्या. तिथे लाकडाची अर्धगोल रचना स्तूपाला वळसा घालते आणि ती दिसायला हवी होती. ओव्हरले थर पूर्ण पांढरा केला तरी जास्तीत जास्त दुप्पट करतो, म्हणजे १४ चे २८. कर्व्ह्जने ४० पर्यंत ओढले तर आयएसओ १६०० चे जांभळे-हिरवे दाणे लाकडाच्या रेषांपेक्षा मोठे दिसू लागतात. ब्रशकडे याचा इलाज नाही. परवानगी काढून त्रिपॉडवर, आयएसओ १०० ला, एक फ्रेम याच एक्स्पोजरला आणि एक दोन स्टॉप जास्त अशी काढली असती तर त्या फासळ्या दुसऱ्या फ्रेममधून मास्कने आणता आल्या असत्या. या प्रिंटमध्ये त्या अंधारातच आहेत.